फेस अनलॉक की फिंगरप्रिंट? ओल्या हातांसाठी कोणतं लॉक बरं

"नवीन फोन घ्यायचाय. फेस अनलॉक चांगलं की फिंगरप्रिंट?" मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून हा प्रश्न मला गावाकडून सतत येतो. माझं गाव रायगडच्या किनाऱ्यावर, रेवदंड्याच्या पुढे. यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघितले तर सगळे एसी खोलीत, कोरड्या स्वच्छ बोटांनी फोन उघडून दाखवतात. आपल्याकडे मात्र कोणी जेट्टीवर बर्फात हात घालून मासळी निवडत असतं, कोणी कोळंबी सोलत असतं, तर कोणी चिखलात लावणी करत असतं. वर चार महिने पाऊस. त्यामुळे उत्तरही आपल्या हातांकडे बघूनच द्यावं लागतं.

घाई असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: स्वस्त आणि मध्यम किमतीच्या अँड्रॉइड फोनमध्ये फिंगरप्रिंट जास्त सुरक्षित असतो, फेस अनलॉक बहुतेक वेळा फक्त सोयीचं असतं. आयफोनच्या फेस आयडीची गोष्ट वेगळी. आणि दोन्हींच्या मागे उभा असलेला पिन हेच खरं कुलूप आहे. आता हे असं का, ते बघू.

फोन तुमचं बोट कसं वाचतो?

फोनमधले फिंगरप्रिंट सेन्सर मुख्यतः तीन प्रकारचे असतात.

पहिला कपॅसिटिव्ह. पॉवर बटणात किंवा फोनच्या मागे असतो तो बहुधा हाच. बोटाच्या त्वचेवर बारीक उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खाचा असतात. उंचवटा सेन्सरला टेकतो, खाचेत हवा राहते. दोन्ही ठिकाणी विजेचा भार साठण्याचं प्रमाण वेगळं असतं. त्या फरकावरून सेन्सर बोटाचा नकाशा तयार करतो. स्वस्त फोनमध्ये एलसीडी स्क्रीन असते आणि तिच्याखाली सेन्सर बसवणं अवघड जातं, म्हणून तिथे बाजूच्या बटणातला सेन्सरच दिसतो.

दुसरा ऑप्टिकल. हा ओलेड स्क्रीनच्या खाली असतो. बोट ठेवलं की स्क्रीनचा तेवढा भाग झगझगीत उजळतो आणि खालचा छोटा सेन्सर बोटाचा फोटो काढतो. भारतात असा फोन २०१८ मध्ये विवोने आणला.

तिसरा अल्ट्रासॉनिक. यात ध्वनिलहरी बोटावर आदळून परत येतात आणि त्यावरून उंच-सखल नकाशा तयार होतो. ओलसर बोट हा बाकी दोघांपेक्षा बरा वाचतो, पण तो महागड्या फोनमध्येच मिळतो.

मग ओलं बोट का चालत नाही?

कपॅसिटिव्ह सेन्सरचा सगळा खेळ उंचवटा आणि खाच यांच्यातल्या फरकावर आहे. पाणी खाचेत शिरलं की तिथली हवा जाते आणि फरक पुसला जातो. समुद्राचं पाणी तर साध्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगलं वीजवाहक. सेन्सरला बोटाऐवजी एक सपाट डाग दिसतो.

दुसरी गोष्ट सुरकुत्यांची. हात बराच वेळ पाण्यात राहिला की बोटांची टोकं चुण्या पडल्यासारखी होतात. त्वचा पाणी पिऊन फुगते म्हणून हे होतं असा आपला समज असतो, पण मज्जातंतू त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चुण्या पडतात. फोनसाठी मात्र हे वेगळंच बोट झालं, कारण नोंदवताना बोट गुळगुळीत होतं.

तिसरी गोष्ट झिजेची. माझी आत्या गेली अनेक वर्षं मासळी विकते. खवले, काटे, बर्फ आणि मीठ यांनी तिच्या अंगठ्यावरच्या रेघा जवळजवळ गुळगुळीत झाल्यात. "या मेल्याला माझा आंगठा वलखतच नाय रं," हे तिचं फोनबद्दलचं ठरलेलं वाक्य. मिठागरात, वीटभट्टीवर किंवा गवंडीकामात राबणाऱ्यांचंही हेच होतं. दिलासा एवढाच की बोटांचा नमुना त्वचेच्या आतल्या थरात जन्माआधीच ठरलेला असतो. वरचा थर झिजला तरी हाताला आराम मिळाला की काही आठवड्यांत त्याच रेघा परत वर येतात.

इथे एक महत्त्वाचा मुद्दा. बोट ओलं असताना फोन मालकाला नाकारतो. याचा अर्थ त्या वेळी तो चोराला आत घेतो असा नाही. मालकाला नाकारणं आणि परक्याला स्वीकारणं या दोन वेगवेगळ्या चुका आहेत. फोन बनवणारे पहिली चूक कमी करायला गेले की दुसरी वाढते, त्यामुळे तराजू कुठे थांबवायचा हे त्यांना ठरवावं लागतं. म्हणून "माझा फोन पहिल्या फटक्यात उघडतो" हे नेहमीच चांगलं लक्षण असतं असं नाही.

चेहऱ्याचं काय?

फेस अनलॉक या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

बहुतेक अँड्रॉइड फोन फक्त सेल्फी कॅमेऱ्याने तुमचा चेहरा बघतात. म्हणजे सपाट फोटो. गुगलने २०११ मध्ये गॅलेक्सी नेक्ससवर फेस अनलॉक आणलं तेव्हा ते मालकाच्या फोटोनेही फसायचं, आणि हे लॉक पॅटर्न किंवा पिनपेक्षा कमी सुरक्षित आहे अशी सूचना फोनच द्यायचा. पुढच्या वर्षी त्यात डोळे मिचकावण्याची अट आली. आजचे फोन त्यापेक्षा खूप हुशार आहेत, पण साध्या कॅमेऱ्याची मूळ अडचण तीच आहे: त्याला खोली दिसत नाही.

ॲपलने २०१७ मध्ये आयफोन टेनमध्ये वेगळा मार्ग घेतला. फोन तुमच्या चेहऱ्यावर ३० हजारांहून जास्त अदृश्य इन्फ्रारेड ठिपके टाकतो आणि ते कुठे कसे पडले यावरून चेहऱ्याचा त्रिमितीय नकाशा काढतो. त्यामुळे अंधारात, पहाटे होडीवरसुद्धा तो चालतो आणि कागदावरच्या फोटोला भुलत नाही. तरी जुळी भावंडं, सारखी दिसणारी भावंडं आणि तेरा वर्षांखालची मुलं यांच्या बाबतीत चूक होण्याची शक्यता जास्त असते, हे ॲपल स्वतःच सांगते.

साध्या कॅमेऱ्याने जोरदार सुरक्षा देणारे अपवादही आहेत. गुगलच्या २०२३ च्या पिक्सेल ८ मध्ये फेस अनलॉक वरच्या दर्जाचं ठरलं आणि ते पेमेंटसाठीही चालतं. पण अपवादावरून आपल्या दहा-पंधरा हजारांच्या फोनचा अंदाज बांधू नका.

५० हजारांत एक म्हणजे किती?

ॲपलच्या म्हणण्यानुसार एखाद्या अनोळखी माणसाच्या बोटाने टच आयडी उघडण्याची शक्यता ५० हजारांत एक आहे, तर फेस आयडीसाठी दहा लाखांत एक.

हे डोळ्यासमोर आणू. २०११ च्या जनगणनेत अलिबाग शहराची लोकसंख्या साधारण वीस हजार होती. एवढी सगळी माणसं रांगेत उभी करून प्रत्येकाचं एक बोट तुमच्या फोनला लावलं, तर त्यातलं एखादं चुकून चालण्याची शक्यता साधारण तीनात एक. ऐकायला भीतीदायक वाटतं, पण प्रत्यक्षात अशी रांग लागूच शकत नाही, कारण पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर आयफोन पिन मागतो. अँड्रॉइडही असाच अडवतो. आणि चार अंकी पिनचे पर्याय आहेतच फक्त दहा हजार. तुमचा पिन जन्मसाल असेल तर शंभरसुद्धा नाहीत!

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. जितकी जास्त बोटं नोंदवाल, तितकी चुकीच्या जुळणीची शक्यता वाढते. पाच बोटं नोंदवली की ५० हजारांत एकचं साधारण दहा हजारांत एक होतं.

बँकेचं ॲप चेहरा का नाकारतं?

"फोन चेहऱ्याने उघडतो, मग बँकेचं ॲप बोटच का मागतं?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न.

अँड्रॉइडमध्ये बायोमेट्रिकचे तीन वर्ग आहेत. नकली बोट किंवा चेहरा दाखवून फसवण्याचा प्रयत्न केला, तर किती वेळा फसतं यावरून वर्ग ठरतो. १०० पैकी सातपर्यंतच फसवणुकी पार झाल्या तर तिसरा वर्ग, म्हणजे सर्वांत मजबूत. सात ते वीसपर्यंत असेल तर दुसरा. वीसच्या वर गेलं तर पहिला वर्ग, म्हणजे केवळ सोय. पहिल्या वर्गातलं लॉक फोन उघडू शकतं, पण ॲपना ते वापरताच येत नाही. स्वस्त फोनमधलं फेस अनलॉक अनेकदा इथे अडकतं. ॲपने त्याला नाकारणं हा बिघाड नाही, तुमच्या पैशांची राखण आहे.

फोन मधूनच पिन का मागतो, त्याचंही उत्तर इथेच आहे. मजबूत वर्गासाठी किमान ७२ तासांतून एकदा आणि बाकीच्यांसाठी २४ तासांतून एकदा पिन मागायचा, असा अँड्रॉइडचा नियम आहे.

तुमचं बोट कंपनीकडे जातं का?

नाही. फोन तुमच्या बोटाचा किंवा चेहऱ्याचा फोटो ठेवत नाही. त्यापासून तयार केलेली आकड्यांची खूण प्रोसेसरच्या एका बंदिस्त भागात राहते. ॲपला फक्त "हो, तोच माणूस" किंवा "नाही" एवढंच कळतं.

आधारचं काम उलट चालतं. रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवता तेव्हा तो यूआयडीएआयच्या सर्व्हरवरच्या नोंदीशी ताडला जातो. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आधारसाठी दहा बोटं, दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि चेहरा, तिन्ही घेतात. म्हणून बोट चाललं नाही तरी बाकीचे मार्ग उरतात. पेन्शनरांच्या जीवन प्रमाणसाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि पीएम-किसानच्या ई-केवायसीसाठी जून २०२३ मध्ये चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय आली. घरातल्या आजोबांचा अंगठा उमटत नसेल तर "मशीन घेत नाही" म्हणून परत येऊ नका. चेहऱ्याची सोय आहे का, असं विचारा. तुमच्या स्मार्टफोनवरूनही हे काम होऊ शकतं.

खरा धोका घरातच

आत्याचा अंगठा चालत नाही म्हणून तिच्या फोनमध्ये मुलाचं बोट नोंदवलेलं, सुनेचं नोंदवलेलं, शेजारच्या पोराचंही. अशी घरं किनाऱ्यावर किती तरी असतील. आतापर्यंत यात फार तर कोणी फोटो बघायचं. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआय पिनऐवजी फोनवरच्या बोटाने किंवा चेहऱ्याने पेमेंट मंजूर करण्याची सोय जाहीर झाली. म्हणजे ती सोय सुरू केलेल्या फोनमधलं प्रत्येक बोट ही सहीच. फोनला सगळी बोटं सारखी. आत्याचं कोणतं आणि शेजारच्या पोराचं कोणतं, हे त्याला कळत नाही.

नवीन बोट नोंदवल्यावर काही बँक ॲप पुन्हा पिन किंवा पासवर्ड मागतात, ते याचसाठी. वैतागू नका. आणि तुम्ही काहीच नोंदवलेलं नसताना असं झालं, तर सेटिंगमध्ये जाऊन बोटांची यादी लगेच तपासा.

आज करायच्या सहा गोष्टी

१. एकच अंगठा दोनदा नोंदवा: एकदा कोरडा असताना, एकदा काम आटोपल्यावर पुसून किंचित ओलसर असताना. ओल्या हातांच्या घरात याचा सगळ्यात जास्त फायदा होतो.

२. ज्या हाताने कमी काम करता त्या हाताचं बोट नोंदवा. त्याच्या रेघा कमी झिजतात.

३. स्क्रीनखाली सेन्सर असेल तर स्क्रीन गार्ड बदलल्यावर जुनी बोटं काढून पुन्हा नोंदवा. २०१९ मध्ये सॅमसंग गॅलेक्सी एस१० वर काही सिलिकॉन कव्हर लावल्यावर कोणाच्याही बोटाने फोन उघडत होता. कंपनीला अपडेट द्यावं लागलं.

४. फेस अनलॉक वापरत असाल तर "डोळे उघडे असणं आवश्यक" हा पर्याय चालू करा. नाहीतर तुम्ही झोपलात की तुमचा चेहरा दुसरं कोणीही वापरू शकतं. मग भावाला फोन दाखवा, तुमचा फोटोही दाखवा. उघडला तर ते लॉक बंदच करा.

५. पिन सहा अंकी ठेवा. जन्मतारीख, गाडीचा नंबर, १२३४५६ नको.

६. तुमची नसलेली सगळी बोटं काढून टाका. घरातल्या मोठ्यांना फोन उघडता येत नसेल तर स्वतःचं बोट घालण्याऐवजी त्यांच्या लक्षात राहील असा पिन त्यांना बसवून द्या आणि दोन-चार वेळा त्यांच्याकडूनच उघडून घ्या.

तर मग कोणतं?

हात कोरडे असतील तर फिंगरप्रिंट. हात दिवसभर ओले असतील आणि बजेट असेल तर त्रिमितीय फेस अनलॉक किंवा अल्ट्रासॉनिक सेन्सर. हात ओले आणि बजेट कमी असेल तर बाजूच्या बटणातला फिंगरप्रिंट, शिवाय चांगला सहा अंकी पिन. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बोट आणि चेहरा जन्मभर तेच राहतात, म्हणून ते कोणत्या फोनमध्ये नोंदवायचे हे जपून ठरवा.