डच शिकलेल्या शेळीची गोष्ट

डच लोकांना कुठल्याही गोष्टीला लाडाने लहान करायची भारी हौस. शब्दाला ‘-त्ये’ची शेपटी जोडली की झालं काम! ‘कात’ म्हणजे मांजर, तर ‘कात्ये’ म्हणजे मांजरीचं पिल्लू. त्यांची एआय मॉडेल्सही यातून सुटली नाहीत. २०१९ मध्ये ग्रोनिंगन विद्यापीठातल्या संशोधकांनी गूगलच्या ‘बर्ट’च्या धर्तीवर डच मॉडेल तयार केलं, त्याचं नाव ‘बेर्त्ये’. मग २०२३ मध्ये आलं ‘खाइत्ये’. म्हणजे चक्क शेळीचं पिल्लू!

आता तुम्ही म्हणाल, मोठे चॅटबॉट डचमध्ये गप्पा मारतातच की, मग हा खटाटोप कशाला? मारतात, पण त्यांचं बहुतेक शिक्षण इंग्रजी मजकुरावर झालेलं असतं. डच बोलणारे सुमारे २.५ कोटी, तेही नेदरलँड्स, बेल्जियमचा फ्लँडर्स भाग आणि सुरीनाम असे विखुरलेले. ‘स्खोन’ हा शब्द नेदरलँड्समध्ये ‘स्वच्छ’ या अर्थाने येतो, फ्लँडर्समध्ये तोच ‘सुंदर’साठीही वापरतात. असे बारकावे मशीनला कळायचे तर तिथल्या माणसांनी लिहिलेलं आणि बोललेलं भरपूर हवं.

‘खाइत्ये’ कुठल्या बड्या कंपनीने नाही, एका हौशी माणसाने बनवलं. ‘मिस्ट्रल’ या फ्रेंच कंपनीचं खुलं मॉडेल घेतलं, त्याला डच मजकुराचा भरपूर खुराक दिला आणि सगळ्यांसाठी फुकट ठेवलं. पण तो खुराक आला कुठून? त्यातला काही भाग अशा एका प्रचंड संग्रहातला होता, ज्यात पुस्तकांचा मजकूरही होता, आणि तोही लेखक-प्रकाशकांना न विचारता. हक्कधारकांच्या ‘ब्रेन’ या संस्थेने हरकत घेतली. २०२४ मध्ये संग्रह इंटरनेटवरून उतरला, २०२५ च्या सुरुवातीला शेळीही गेली.

चूक कोणाची? पटकन उत्तर देऊ नका. लेखकाने वर्षभर राबून लिहिलेलं पुस्तक कोणी न विचारता उचलावं का? नाहीच. पण छोट्या भाषेकडे मुळात मजकूर कमी. त्यातला सगळा उत्तम मजकूर कुलपात राहिला, तर मशीन शिकणार कशावर?

यावर डचांनी लांबचा रस्ता धरला आहे. टीएनओ, सर्फ आणि तिथली सरकारी न्यायवैद्यक संस्था मिळून ‘जीपीटी-एनएल’ हे मॉडेल घडवतायत. सरकारने त्यासाठी १.३५ कोटी युरो दिले. अट एकच, मजकूर रीतसर मिळवलेलाच वापरायचा. हे वेळखाऊ काम आहे, पण त्यांना त्याची सवय आहे. १९९८ ते २००४ या काळात नेदरलँड्स आणि फ्लँडर्सने एकत्र येऊन सुमारे ९०० तासांचं बोललेलं डच गोळा केलं होतं आणि ते लिहूनही काढलं होतं. आजच्यासारखे चॅटबॉट तेव्हा कोणाच्या गावीही नव्हते!

आता आपल्याकडे या. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले ८.३ कोटी, म्हणजे डचच्या तिप्पट. तरी डच विकिपीडियावर २० लाखांहून जास्त लेख आणि मराठीवर लाखाच्या आसपास. (डचमधले बरेच लेख बॉटने लिहिलेत, हे खरं, पण तरीही!) अगदीच निराश होऊ नका. पुण्यातल्या ‘एलथ्रीक्यूब’ गटाने विद्यार्थ्यांना सोबत घेऊन मराठीसाठी ‘महाबर्ट’ बनवलंय. त्यांनी नाव लहान केलं, आपण थेट ‘महा’!

तुम्हाला कोडिंग येत नसलं तरी चालेल. ‘भाषिणी’चं ‘भाषादान’ किंवा मोझिलाचं ‘कॉमन व्हॉइस’ उघडा. तिथे समोर येणारी मराठी वाक्यं आपल्या आवाजात वाचून रेकॉर्ड करता येतात. दोन लेक्चरच्या मधल्या वेळात दहा वाक्यं सहज होतील. हे स्वतःच्या मर्जीने दिलेलं असतं, त्यामुळे शेळीसारखी पंचाईत नाही. आणि हो, तुमचा वऱ्हाडी किंवा मालवणी हेल लपवू नका. मशीनने तोच तर ऐकायला हवाय.