बी. डी. डी. चाळी कोणी बांधल्या?

मुंबईच्या जुन्या चाळींच्या कागदपत्रांची कालानुक्रमें जुळणी करतांना सुधार ट्रस्ट, डेव्हलपमेंट खातें व म्युनिसिपालिटी यांचा घोटाळा होण्याचा संभव असतो. या तिन्ही संस्था निरनिराळ्या होत्या. १८९६ च्या प्लेगानंतर १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. नागपाड्यासारखी दाट वस्ती पाडून रस्ते काढणें हें त्याचें काम; तो १९३३ सालीं म्युनिसिपालिटींत विलीन झाला. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बी. डी. डी., हें मात्र प्रांतिक सरकारचें खातें. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनीं तें १९२० सालीं स्थापिलें.

कामगारांसाठीं पन्नास हजार खोल्या बांधावयाच्या, व खर्चासाठीं मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या गांठीमागें एक रुपया कर घ्यावयाचा, असा संकल्प होता. प्रत्यक्षांत वरळीस १२१, नायगांवास ४२, डिलाईल रोडवर ३२ व शिवडीस १२ मिळून २०७ चाळी झाल्या. तळमजला व वर तीन मजले, आणि सामान्यतः चाळीस ऐंशी खोल्या, हा हिशेब धरल्यास संकल्पाचा तिसरा हिस्साच पदरांत पडला. एकेक खोली सुमारें १६० चौरस फुटांची. खिडक्यांस सिमेंटच्या झडपा बसविल्यामुळें आंत उजेड बेताचा. शहरांत माणसांस पाय ठेवण्यास जागा नसतां वरळीच्या कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या, ही गोष्ट प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटते. परंतु गिरणीपासून दूर, बाजारहाट नाहीं अशा जागीं मजुरानें भाडें भरून कां जावें? पुढें सविनय कायदेभंगाच्या चळवळींत सरकारनें तेथेंच सत्याग्रह्यांसाठीं तात्पुरता तुरुंग केला!

याच खात्याच्या बॅकबे भरावाची वाच्यता फार झाली. श्री. खुर्शेद नरिमन यांची टीका व १९२६ ची चौकशी सर्वश्रुत आहे. त्या गदारोळांत चाळींचा हिशेब मागें पडला.

सरकारी दप्तर मुंबईच्या पुराभिलेखागारांत पाहतां येतें. भाडेकऱ्यांच्या बाजूचा पुरावा मात्र पावत्या, नोटिसा व खोली बदलून घेण्याचे अर्ज यांतच मिळावयाचा. म्हाडातर्फें या चाळींचा पुनर्विकास चालू असल्यानें असे कागद घर बदलतांना रद्दींत जाण्याची भीति आहे. १९७० नंतर सिडकोनें वसविलेल्या नवी मुंबईंत, वाशी-नेरूळकडे, राहावयास गेलेल्या गिरणगांवच्या कुटुंबांच्या ट्रंकांतही ते असण्याचा संभव आहे. पावती हातीं आल्यास प्रथम शिरोभागीं कोणत्या खात्याचें नांव आहे तें पाहावें, नंतर चाळीचा क्रमांक.