धंद्याची काळजी की एन्झायटी? ओळखा, मोजा, आवरा



"दुकान टाकायचंय, पण विचारानेच झोप लागत नाही." भांडवल आणि जागेच्या प्रश्नांइतकंच हे वाक्यही मला सारखं ऐकायला मिळतं. म्हणून आज हिशोब थोडा बाजूला ठेवू आणि मनाचं बघू. घाबरलेल्या मनाने घेतलेले निर्णय धंद्यात फार महाग पडतात. माल तोट्यात काढला जातो, नाहीतर मिळेल त्या व्याजाने कर्ज उचललं जातं.

फरक काय?

५ तारखेला हप्ता आहे आणि गल्ला रिकामा आहे, तर काळजी वाटणारच. ही काळजी कामाची आहे. तिला कारण असतं, तारीख असते, आकडा असतो. हप्ता भरला की ती उतरते.

एन्झायटीचं तसं नाही. हप्ता भरला तरी धडधड जात नाही, मन लगेच पुढचा विषय शोधतं. धोका दिसला की मेंदू शरीराला तयार करतो: ठोके वाढतात, श्वास जोरात होतो, अंग ताठ होतं, पोट बिघडतं. समोर साप असेल तर हे उपयोगाचं. पण फोनवर सप्लायर असेल तर पळून जाणार कुठे?

मोजायचं कसं?

डॉक्टर जीएडी-७ नावाची प्रश्नावली वापरतात. ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. गेल्या दोन आठवड्यांत या सात गोष्टींचा त्रास किती झाला, ते बघा:

१. अस्वस्थ, धास्तावल्यासारखं वाटणं
२. काळजी थांबवता न येणं
३. अनेक गोष्टींची अति काळजी
४. निवांत होता न येणं
५. एका जागी बसवत नाही अशी बेचैनी
६. पटकन चिडणं
७. काहीतरी भयंकर घडेल अशी भीती

अजिबात नाही – ०, काही दिवस – १, निम्म्याहून जास्त दिवस – २, जवळजवळ रोज – ३. बेरीज करा. ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ किंवा जास्त तीव्र. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटा. हे निदान नाही, फक्त अंदाज आहे.

आवरायचं कसं?

कागदावर उतरवा. तीन रकाने करा: कशाची काळजी, किती रुपये आणि कधीपर्यंत, उद्या मी काय करणार. "होलसेलरचे १८,००० – ३० तारीख – उद्या फोन करून दोन हप्ते मागणार." तिसरा रकाना भरता आला तर ते काम आहे, कामाला लागा. "समोर मोठं दुकान आलं तर?" इथे तो रिकामाच राहतो. अशा काळज्यांसाठी संध्याकाळी १५ मिनिटं ठेवा, बाकी वेळी त्यांना "नंतर बघू" म्हणा.

टाळू नका. देणेकऱ्याचा फोन उचलला नाही की क्षणभर बरं वाटतं. पण मेंदू शिकतो की फोन म्हणजे धोका, आणि पुढच्या वेळी भीती जास्त वाटते. त्यापेक्षा आपणच आधी फोन करा.

शरीराला शांत करा. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, असं पाच मिनिटं. दुकानात बसून दिवसाला आठ-दहा चहा होत असतील तर कमी करा, कारण त्यातलं कॅफिन धडधड वाढवतं. आणि झोप उडवणारा हिशोब अंथरुणात करू नका.

मदत कधी घ्यायची?

छातीत दुखलं तर "टेन्शनमुळे असेल" म्हणत बसू नका, आधी दवाखाना गाठा. थायरॉइड वाढल्यानेही अशीच धडधड होते, ते तपासणीत कळतं. एन्झायटीवर समुपदेशन आणि औषधं, दोन्ही उपाय आहेत. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर २४ तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आत्ताच फोन करा आणि घरच्यांनाही सांगा.

गाडी आवाज करायला लागली की आपण गॅरेजला नेतोच ना? मग स्वतःला दाखवायला लाज कसली? आज दुकान बंद केल्यावर ते सात प्रश्न सोडवा आणि तीन रकान्यांचा कागद भरा. काळजीचा आकडा समोर आला की पुढचं पाऊल ठरवणं सोपं जातं.