परदेशी नोकरी : कंपनीचा हिशेब आणि घराचा हिशेब

आमच्या घरात परदेशी नोकरी ही नवलाई नाही. चिपळूणजवळ खाडीकाठच्या आमच्या गावात पूर्वी जहाजावर जाणारे पुरुष होते, मग अरबस्तानात जाणारे झाले. अब्बा 1977 साली कुवेतला गेले. एका गोदामात हिशेबनीस होते. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकने कुवेतवर हल्ला केला आणि तेरा वर्षांची कमाई बँकेत अडकली. जॉर्डनमधल्या अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी जे सुमारे 1 लाख 70 हजार भारतीय मायदेशी आणले, त्यांत अब्बाही होते. हातात एक बॅग, आणि त्या बॅगेत कपड्यांपेक्षा कागद जास्त. पगाराच्या पावत्या, करारपत्र, बँकेचे पुस्तक. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून नुकसानभरपाई मिळाली, ती या कागदांच्या जोरावर.

म्हणून आम्ही 2015 साली दुबईला निघालो तेव्हा अब्बांनी एवढेच सांगितले, "पैसा येतो-जातो. कागद आपल्या हातात ठेवा."

आम्ही म्हणजे नवरा-बायको. एक चार्टर्ड अकाउंटंट, दुसरी शाळेत शिक्षिका. नऊ वर्षे तिकडे राहून 2024 च्या अखेरीस आम्ही परतलो. अल्हम्दुलिल्लाह, घर झाले, मुले शिकली. पण ज्या चुका आम्ही केल्या त्या तुमच्या मुलांनी करू नयेत. आज आपल्या मोहल्ल्यांतली मुले-मुली सीए, एमकॉम, एमबीए होऊन आखाताकडे बघत आहेत, म्हणून हे लिहायला बसलो.

पगाराचा आकडा आणि बेसिक

आम्हाला पत्र आले ते महिना 14,000 दिरहमचे. दिरहमला रुपयाने गुणले आणि घरात पेढे वाटले. पत्राची दुसरी ओळ कोणी वाचली नाही. त्या ओळीत बेसिक पगार होता 5,600. बाकी सगळे घरभाडे, प्रवास आणि 'इतर भत्ता'.

संयुक्त अरब अमिरातीत नोकरी सुटताना ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा आणि त्यापुढे दरवर्षी 30 दिवसांचा पगार. हा पगार म्हणजे शेवटचा बेसिक, भत्ते त्यात धरत नाहीत. एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त होत नाही. आमची नऊ वर्षे झाली, म्हणजे 105 आणि 120 मिळून 225 दिवस. शेवटी पगार 18,000 झाला होता, पण बेसिक 7,200 च. दिवसाला 240 दिरहम, म्हणून हाती आले 54,000. बेसिक साठ टक्के, म्हणजे 10,800 असता, तर 81,000 मिळाले असते. 27,000 दिरहम आम्ही एका सहीत घालवले, आणि तीही कंपनीच्या ताळेबंदावर रोज सही करणाऱ्या माणसाच्या सहीत!

तेव्हा पत्र आले की आधी बेसिक बघा. वर्षाला किती सुट्टी, विमानाचे तिकीट कोणाचे, विमा फक्त कामगाराचा की बायको-मुलांचाही, हे लेखी घ्या. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लेखी मागितल्याने भरवसा कमी होत नाही.

व्हिसा आणि भरतीचा खर्च मालकाने करायचा, असे तिथला कायदा सांगतो. तो खर्च तुमच्याकडून मागणाऱ्या एजंटापासून चार हात दूर राहा. 'आधी टुरिस्ट व्हिसावर या, रुजू व्हा, नंतर बदलू' हे तर ऐकूच नका. अशा व्हिसावर काम करणे बेकायदा आहे आणि पकडले गेल्यावर भोगावे लागते ते तुम्हालाच.

निघण्यापूर्वीची कामे

पदवीच्या प्रमाणपत्रावर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि यूएईच्या वकिलातीचे शिक्के लागतात. तिथे गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचाही. हे काम आधी करून ठेवा, नाही तर मुंबईला कोणाला तरी पळवावे लागते.

निघण्याची तारीखही बघा. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात 182 दिवस किंवा जास्त भारतात राहिला, तर त्या वर्षी तो इथला रहिवासी धरला जातो आणि तिकडच्या पगारावरही इथे आयकर लागतो. म्हणजे सप्टेंबरच्या आत निघालेले बरे. हा नियम आमच्यातल्या सीएला तोंडपाठ होता. तरी 'लवकर या' म्हणून फोन आले, बांधाबांध सुरू झाली आणि आम्ही निघालो 10 ऑक्टोबरला! त्या पहिल्या सहा महिन्यांच्या पगारावर भारतात कर भरला. दुसऱ्यांचे रिटर्न भरणाऱ्यांनी आपले कॅलेंडर बघितले नाही.

गेल्यावर इथले बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते. तिकडचा पैसा ठेवायला एनआरई खाते उघडावे. ज्यांना व्याजाला हात लावायचा नाही त्यांना एनआरई चालू खाते उघडता येते, बँकेत स्पष्ट सांगावे लागते.

कोणते काम, कोणती कमाई

अकाउंट्सच्या माणसाला तिकडे काम का आहे? 1 जानेवारी 2018 पासून यूएईत 5 टक्के व्हॅट आला. सौदीतही त्याच दिवशी आला आणि जुलै 2020 मध्ये तो 15 टक्के झाला. जून 2023 पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना यूएईत 3,75,000 दिरहमच्या वरच्या नफ्यावर 9 टक्के कंपनी कर लागला. जे व्यापारी वहीत आकडे मांडून भागवत होते, त्यांना हिशेब जाणणारी माणसे लागू लागली. आपल्याकडे जीएसटीत हात बसलेल्या मुलांना हे काम लवकर जमते. पगारावर मात्र तिथे आयकर नाही.

आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. व्याजी कर्ज देणाऱ्या खात्यात काम करावे का? आम्हाला एका बँकेच्या कर्जविभागातली, जास्त पगाराची जागा आली होती. दोन रात्री झोप लागली नाही. गावच्या मौलानांना फोन केला, अब्बांशी बोललो आणि नाही म्हणालो. प्रत्येकाची अडचण वेगळी असते, म्हणून कोणाला नावे ठेवणार नाही. एवढे मात्र सांगतो की दुसरे दरवाजे आहेत. दुबई इस्लामिक बँक 1975 पासून बिनव्याजी पद्धतीने चालते. इस्लामी वित्तसंस्थांच्या हिशेबाचे नियम ठरवणारी 'आयोफी' ही संस्था बहारीनमध्ये आहे. तिच्या परीक्षा देता येतात. व्यापारी कंपन्यांत हिशेब आणि कराचे काम तर भरपूर आहे.

कुटुंब नेल्यावर

पहिले आठ महिने एकाने शारजात तिघांच्या खोलीत काढले. त्या काळात पैसे उरले. बायको-मुले गेल्यावर खरा खर्च कळला. घरभाड्यासाठी पुढच्या तारखांचे चेक एकदम द्यावे लागतात. आमचे चार चेक होते. चेकच्या दिवशी खात्यात पैसे हवेतच. शाळेची फी, बसची फी, वर्षातून एकदा सगळ्यांची तिकिटे आणि गावी येताना प्रत्येक घरासाठी काहीतरी. चौथ्या वर्षी आम्ही वही घेऊन बसलो, तेव्हा दिसले की पगार वाढला होता, शिल्लक मात्र तिथेच होती.

तिथे पगारदार माणसाच्या मागे क्रेडिट कार्ड आणि कर्जवाले लागतात. कर्ज थकले तर बँक न्यायालयातून प्रवासबंदी आणू शकते, मग विमानतळावरून परत फिरावे लागते. त्या वहीनंतर आम्ही कार्ड बंद केले आणि पगाराच्या दिवशीच तिसरा हिस्सा गावी पाठवू लागलो. नोकरी जाण्याचाही विचार हवा. 2023 पासून तिथे बेकारी विमा सक्तीचा आहे. बेसिक 16,000 पर्यंत असेल तर महिना 5 दिरहम, वर असेल तर 10. बारा महिने हप्ते भरलेल्याला, स्वतः राजीनामा दिला नसेल तर, बेसिकच्या 60 टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. पण घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला असणे हाच खरा विमा.

तो शुक्रवार

आता जे लिहायला हात धजत नाही ते.

रुजू होतानाच कंपनीने पासपोर्ट 'सुरक्षित ठेवायला' मागितला. सगळेच देत होते. आम्हीही दिला आणि पोचपावतीवर सही केली. कामगाराचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवणे तिथे बेकायदा आहे, हे आम्हाला माहीत होते. 'कुठे वाद घालायचा' म्हणून गप्प बसलो.

2019 साली एका शुक्रवारी पहाटे गावाहून फोन आला. अब्बांना रात्री झटका आला होता. तेव्हा तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची होती. पासपोर्ट कचेरीच्या कपाटात, किल्ली ज्याच्याकडे तो सुट्टीवर, फोन बंद. कंपनीच्या रोकड तिजोरीची किल्ली आमच्या खिशात होती. लाखो दिरहम आमच्या विश्वासावर होते, आणि स्वतःच्या पासपोर्टचे कपाट उघडता येत नव्हते. दुपारी जुम्याच्या वेळेला अब्बा गेले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

मय्यत थांबवायची नसते. अम्मीनेच फोनवर सांगितले, "वाट बघू नका, दुआ करा." मगरिबनंतर दफन झाले. आम्ही रविवारी सकाळी पासपोर्ट घेतला आणि रात्री उशिरा गावात पोचलो. कब्रस्तानात ओली माती होती. मोठ्या मुलाला खांदा द्यायला मिळाला नाही. कागद आपल्या हातात ठेवा, असे सांगणारे अब्बा होते आणि आमच्या हातात कागद नव्हता.

परत गेल्यावर आम्ही पासपोर्ट लेखी मागितला. मिळाला. कोणी कामावरून काढले नाही, कोणी रागावलेही नाही. मागायला चार वर्षे उशीर झाला, एवढेच.

जाणाऱ्यांसाठी

जा. रिज्कसाठी सफर करण्यात काही कमीपणा नाही, आणि आमच्या घरातली बरकत त्या नोकरीतूनच आली. पण निघण्यापूर्वी आई-वडिलांजवळ बसून तीन गोष्टी ठरवा. किती वर्षांसाठी जायचे, किती रक्कम झाली की परतायचे, आणि घरात कोणी आजारी पडले तर कोण कधी येणार. हे वहीत लिहा. परत येण्याच्या तिकिटाइतके पैसे वेगळे ठेवा, त्यांना हात लावू नका. पासपोर्ट घरी, उशाशी.

आमची थोरली आता सीएच्या अंतिम परीक्षेला बसते आहे. परवा तिला रियाधहून विचारणा आली. अम्मीने पगार विचारला नाही. "पासपोर्ट कोणाकडे राहणार?" एवढेच विचारले. थोरलीने उत्तर दिले, "माझ्याकडे, दादी. तसे लिहून मागितलंय." कंपनीच्या उत्तराची आम्ही सगळेच वाट बघतो आहोत. लेखी आले, आणि त्यात बेसिकही ठीक असला, तर इन्शाअल्लाह तिची बॅग भरू.