बालवाचकांसाठीं इतिहासाचीं पुस्तकें : निवडीच्या कांहीं कसोट्या

संशोधनाच्या त्रैमासिकांत मुलांच्या पुस्तकांची चर्चा पाहून आमच्या कित्येक वाचकांस नवल वाटेल. जुनीं बाडें शोधणें, मोडी कागद लावणें, शकमित्या पडताळणें हें आपलें काम; मुलांनीं काय वाचावें हें शिक्षकांनीं व आईबापांनीं पहावें, असा समज सामान्यतः आहे. तो समज आम्हांस बरोबर वाटत नाहीं. ज्या घरांतून आपण आज दप्तरें मिळवितों, त्या घरांची उद्यांची मालकी आज नऊ ते चौदा वर्षांच्या असलेल्या मुलांकडे जाणार आहे. माळ्यावरचा रुमाल सोडून पहावयाचा, कीं रद्दीवाल्याच्या तराजूंत टाकावयाचा, हा निर्णय तीं मुलें घेणार आहेत. यास्तव कादंबऱ्या व कल्पित गोष्टी यांखेरीज खऱ्या माहितीचीं जीं पुस्तकें इयत्ता चौथीपासून आठवीपर्यंतच्या मुलांच्या हातीं द्यावयाचीं, तीं कशीं निवडावीं याचा विचार प्रस्तुत लेखांत योजिला आहे. अशीं पुस्तकें पुष्कळ विषयांवर आहेत. आम्ही आपणां सर्वांच्या परिचयाच्या इतिहास या विषयापुरतेंच बोलतों.

मुलांचें वाचन व इतिहाससंशोधन यांचा संबंध नवा नाहीं. ग्रँट डफचा इतिहास १८२६ त प्रसिद्ध झाला. कॅप्टन केपन व बाबा साने यांनीं केलेलें त्याचें मराठी भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नांवानें निघालें व शाळांतून वाचलें गेलें. पुढें १८६७ त नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं विद्यार्थिदशेंतच निबंध लिहून त्या इतिहासांतील उणिवा दाखविल्या. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या ‘रियासती’चा उगम तर बडोद्याच्या राजपुत्रांस शिकविण्यासाठीं केलेल्या टिपणांत आहे, तिचा पहिला ग्रंथ ‘मुसलमानी रियासत’ १८९८ त निघाला. त्याच वर्षीं राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड बाहेर पडला. मुलांचा पाठ व संशोधकाची मेज यांच्यांतील अंतर आपण मानतों तेवढें मोठें नाहीं, हें यावरून दिसेल.

आतां मुख्य मुद्दा. पुस्तक रंजक असावें कीं विश्वसनीय असावें, असा वाद नेहमीं घातला जातो. आमच्या मतें या वयाच्या मुलांसाठीं हा वादच निरर्थक आहे. दहा वर्षांच्या मुलाचा सर्वांत आवडता प्रश्न ‘कशावरून?’ हा असतो. जें पुस्तक या प्रश्नाचें उत्तर देतें, तें आपोआप रंजक होतें; जें तो प्रश्न दडपतें, तें कितीही रंगीत असलें तरी दुसऱ्यांदा उघडलें जात नाहीं. सबब आमची पहिली कसोटी अशी कीं, अमुक गोष्ट आपणांस कशी कळली हें पुस्तकानें मुलास सांगितलें पाहिजे.

उदाहरण शिवजन्मतिथीचें घेऊं. एका पुस्तकांत १९ फेब्रुवारी १६३० एवढेंच छापलेलें असतें. दुसरें पुस्तक असें सांगतें कीं, पूर्वीं शके १५४९ ची, म्हणजे १६२७ मधील वैशाखाची मिति प्रचारांत होती, पुढें लोकमान्य टिळकांनीं १९१६ त जेधे शकावली प्रसिद्ध केली, तींत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया ही मिति आढळली, परमानंदाच्या ‘शिवभारता’नें तिला दुजोरा दिला, आणि २००१ मध्यें महाराष्ट्र शासनानें त्या मितीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. पहिल्या पुस्तकांत मुलास एक आंकडा मिळतो, दुसऱ्यांत एक शोधकथा मिळते. त्यांतच शकाचें गणितही येतें. १५५१ मध्यें ७८ मिळविले तर १६२९ होतात. मग १६३० कसें आलें? शकवर्ष चैत्रांत बदलतें व इसवी सन जानेवारींत बदलतो. म्हणून जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या मित्यांस ७९ मिळवावे लागतात. हें उकलून दाखविणारें पान मुलें कोड्याप्रमाणें सोडवितात. आम्ही कोणतेंही नवें पुस्तक हातीं आलें कीं प्रथम असें एखादें पान शोधतों.

दुसरी कसोटी, कागद, बखर व लोककथा यांची सरमिसळ नसावी. सिंहगडाचा प्रसंग पहा. तो ४ फेब्रुवारी १६७० चा होय. सभासदानें आपली बखर १६९४ च्या सुमारास जिंजीस लिहिली. तींत तानाजीच्या पराक्रमाचें वर्णन आहे, पण घोरपड नाहीं. घोरपड तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यांत आहे. शिवाय तानाजीच्या मृत्यूमुळें गडास सिंहगड हें नांव पडलें असें मुलांस सांगितलें जातें. परंतु १६६३ च्या शिवकालीन पत्रांतच तें नांव आढळतें. मग घोरपड मुलांच्या पुस्तकांतून काढून टाकावी काय? मुळींच नाहीं. पोवाडा हेंही एक साधन आहे, व समाजानें एक वीर कसा स्मरला याचा तो पुरावा आहे. ‘शाहीर असें गातो, बखरकार असें लिहितो, पत्रांत असें आहे’ इतकें स्पष्ट सांगितलें म्हणजे झालें. तानाजीचें शौर्य त्यानें तिळमात्र कमी होत नाहीं. पण तेरा वर्षांच्या मुलास पुढें कोठें तरी तें पत्र वाचावयास मिळालें, तर आपणांस लहानपणीं फसविलें असें त्यास वाटणार नाहीं. ज्याचा असा विश्वास एकदां उडाला, तो पुढें खऱ्या कागदावरही विश्वास ठेवीत नाहीं. ही हानि लहान नव्हे.

तिसरी कसोटी चित्रांची. मुलें मजकुराआधीं चित्रें पाहतात, व चित्र सहसा विसरत नाहींत. शिवछत्रपतींचें म्हणून जें चित्र पूर्वीं पुस्तकांतून छापलें जात असे, तें इब्राहीमखान नांवाच्या दुसऱ्याच माणसाचें होतें. वा. सी. बेंद्रे यांनीं महाराजांचें अस्सल चित्र शोधून १९३३ मध्यें पुढें आणलें, तेव्हां ती चूक सुधारली. म्हणून चित्राखालीं तें समकालीन आहे कीं आजच्या चित्रकाराच्या कल्पनेंतलें आहे, हें लिहिलेलें असावें. नकाशास दिशा व प्रमाण असावें. अस्सल पत्राचें छायाचित्र, त्याशेजारीं बालबोध वाचन व खालीं आजच्या मराठींत अर्थ, अशी तीन अंगांची मांडणी असेल, तर तें पुस्तक आम्ही निःशंकपणें घ्यावें असें म्हणूं.

चौथी कसोटी विषयाच्या आटोपशीरपणाची. दोनशें वर्षांचा सर्व इतिहास शंभर पानांत कोंबलेलें पुस्तक नांवांची यादी होऊन बसतें. एक किल्ला, एक नाणें, एक पत्र अथवा एक प्रवास घेऊन त्यांतून काळ दाखविणारें पुस्तक या वयास अधिक मानवतें. नऊ ते अकरा वर्षांच्या वाचकास वस्तु व माणसें प्रिय असतात. पुढच्या तीन वर्षांत कारणें व मतभेद समजूं लागतात. भाषा बोबडी नसावी, तशीच जडही नसावी. ‘सनद’, ‘मोर्तब’, ‘चौथाई’ हे शब्द वगळूं नयेत. त्यांचा अर्थ त्याच जागीं सांगावा. पुस्तक मधूनच उघडून एक पान मोठ्यानें वाचावें. वाचणाऱ्याची जीभ अडखळली नाहीं व ऐकणाऱ्यानें ‘पुढें काय?’ असें विचारलें, तर भाषा योग्य आहे. शेवटीं निवडीचा हक्क मुलासच द्यावा. आपण कसोटीस उतरलेलीं चार पुस्तकें पुढें ठेवावीं, व त्यांतलें एक त्यानें उचलावें. लादलेलें उत्तम पुस्तक हें न वाचलेलें पुस्तक होय.

हा सर्व खटाटोप कशासाठीं, याचें उत्तर आमच्या अनुभवांतून देतों. एका गांवीं जुन्या वाड्यांत कागद असल्याचें कळल्यावरून आम्ही गेलों. माळ्यावरील बहुतेक पुडकीं आधींच बंबांत गेलीं होतीं. एक रुमाल तेवढा उरला होता, आणि तो त्या घरांतील अकरा वर्षांच्या मुलीनें राखला होता. तिला मोडीचें एक अक्षर येत नव्हतें. परंतु शाळेच्या कपाटांतील कोणत्याशा पुस्तकांत तिनें शिक्का व मोर्तब असलेल्या पत्राचें छायाचित्र पाहिलें होतें, व तशीच गोल खूण आपल्या माळ्यावरच्या कागदावर पाहून तिनें तो रुमाल आपल्या दप्तराच्या पेटींत दडविला होता. त्या पुस्तकाच्या कर्त्यास ही हकीकत कधीं कळणार नाहीं. पण त्यानें छापलेल्या एका छायाचित्रानें जें वाचविलें, तें आम्हांस आमच्या साऱ्या फिरतींतही वाचवितां आलें नसतें.

पेशवे दप्तरांतून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळांत ४५ भागांत छापले गेले, तरी तो मूळ संग्रहाचा अल्पच अंश होय. घरोघरच्या कागदांची तर गणतीच नाहीं. शाळांतून मोडी नाहींशी झाली आहे. अशा स्थितींत हे कागद ओळखणारे डोळे तयार करणें हें मुलांच्या पुस्तकांचेंच काम आहे. आमच्या संग्राहक मित्रांस विनंति इतकीच कीं, आपल्या संग्रहांतील एखादें सुवाच्य पत्र मुलांसाठीं लिहिणाऱ्या लेखकास छायाचित्रासाठीं द्यावें, त्याचें वाचन स्वतः तपासून द्यावें, आणि जवळच्या शाळेच्या ग्रंथालयांतील इतिहासाचीं पुस्तकें एकदां वरील कसोट्यांवर पारखून पहावीं. सदोष आढळतील त्यांतील चुका सौम्य शब्दांत प्रकाशकास कळवाव्या. आपल्या पश्चात् आपले रुमाल कोण सोडील, ही चिंता प्रत्येक संग्राहकास असते. तो सोडणारा आज बहुधा पांचवींत आहे.