आमच्या माघारी याचं कोण?

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचा अठरावा वाढदिवस घरात हौसेनं साजरा होतो. कायद्याच्या दृष्टीनं त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडते: आई-वडील त्याचे नैसर्गिक पालक राहत नाहीत. कालपर्यंत त्याच्या बचत खात्यावर सही करणाऱ्या आईला बँकेच्या खिडकीवर सांगितलं जातं, ‘तो आता सज्ञान आहे, सही त्याचीच लागेल.’ त्याला पेन धरता येत नाही, दहाची नोट आणि शंभराची नोट यांत फरक कळत नाही. पण कागदोपत्री तो स्वतःचा मुखत्यार झालेला असतो. कित्येक घरांना हा कायदा बँकेच्या त्या खिडकीवरच पहिल्यांदा कळतो.

याच अडचणीवर उपाय म्हणून जन्माला आलेली एक संस्था आपल्याकडे पंचवीस वर्षांहून अधिक काळ काम करते आहे आणि तरीही ज्यांच्यासाठी ती आहे त्यांच्यातल्या अनेकांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं. ती म्हणजे राष्ट्रीय न्यास, इंग्रजीत नॅशनल ट्रस्ट. ३० डिसेंबर १९९९ च्या कायद्यानं तो स्थापन झाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार अवस्था त्याच्या कक्षेत येतात. केंद्र सरकारनं एकरकमी १०० कोटी रुपयांचा निधी द्यावा, अशी तरतूद कायद्यातच आहे. न्यासाच्या मंडळावर पालकांच्या संघटनांचे प्रतिनिधी असावेत, हेही त्यात लिहिलेलं आहे. सरकारी कायद्यात आई-बापांना अशी जागा क्वचितच मिळते.

कायद्यानं न्यासाची जी उद्दिष्टं सांगितली आहेत त्यांतली दोन वाचण्यासारखी आहेत. घरावर संकट कोसळलं, तर त्या काळात नोंदणीकृत संस्थांमार्फत मदत पोचवावी, हे एक. आणि आई-वडिलांचा किंवा पालकाचा मृत्यू झाल्यास त्या व्यक्तीच्या सांभाळाची व संरक्षणाची सोय पाहावी, हे दुसरं. ‘आमच्या माघारी याचं कोण?’ हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत कुणी ना कुणी विचारतंच. इथं तो थेट कायद्याच्या कलमात जाऊन बसला आहे.

२०११ च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे १५ लाख नोंदली गेली. त्यांतल्या बहुतेकांचा सांभाळ घरीच होतो आणि घरी म्हणजे मुख्यतः आईच्या हातून. मूल लहान असतं तोवर निभावतं. मुलगा तीस वर्षांचा आणि आई साठीची झाली की तीच कामं वेगळी होतात. सत्तर किलोच्या माणसाला न्हाणीघरात नेऊन अंघोळ घालायची, दाढी करायची, कपडे चढवायचे. आकडीची गोळी वेळेवर द्यायची आणि ती थुंकत नाही ना हे पाहायचं. रात्री तो दोनदा उठतो, म्हणून कडीला कुलूप घालून किल्ली उशाखाली ठेवायची. मुलगी असेल तर महिन्याच्या चार दिवसांची वेगळी धांदल, आणि तिला एकटीला कुठंही सोडायचं नाही ही भीती बाराही महिने. लग्नकार्याला जायचं तर नवरा-बायकोंपैकी एकच जातो. ‘चौकट राजा’ या १९९१ च्या चित्रपटातला बौद्धिक अक्षमता असलेला नंदू मराठी प्रेक्षकाला अजून आठवतो. दिलीप प्रभावळकरांनी तो उभाच तसा केला होता. त्याच्या मागं उभी असलेली आई मात्र किती जणांना आठवते?

या थकव्याला आपल्या समाजानं आजवर दोनच उत्तरं दिली: कौतुक आणि उपदेश. ‘तुमच्यासारखी आई मिळायला भाग्य लागतं’ किंवा ‘खंबीर राहा, देव परीक्षा बघतो’. दोन्हींनी त्या बाईचं एकही काम कमी होत नाही. ताण कमी करायचा असेल, तर तिच्या हातातलं थोडं काम आणि डोक्यातली थोडी भीती दुसऱ्या कुणीतरी प्रत्यक्ष उचलावी लागते. राष्ट्रीय न्यासाच्या योजना त्या दृष्टीनं तपासल्या, तर त्यांचं मोल आणि त्यांचा तोकडेपणा दोन्ही लक्षात येतात.

आधी हे मान्य केलं पाहिजे की सरकारच्या कितीतरी आधी पालकांनीच हे काम सुरू केलं. मुंबईतली जय वकील शाळा १९४४ मध्ये एका पारशी दांपत्यानं आपल्या मुलीच्या निमित्तानं काढली. नाशिकची प्रबोधिनी १९७७ मध्ये रजनीताई लिमये यांनी सुरू केली, तीही स्वतःच्या मुलाला वाढवताना आलेल्या अनुभवातून. बदलापूरचं ‘आधार’ तर पालकांच्या संघटनेनंच प्रौढ मुलांसाठी उभारलेलं घर आहे. देशभरातल्या अशा संघटना १९९५ मध्ये ‘परिवार’ या महासंघात एकत्र आल्या. न्यासाचा कायदा झाला त्यामागे या चळवळीचा रेटा होता.

न्यासाचं सर्वांत महत्त्वाचं अंग दिल्लीत नाही, जिल्ह्याच्या गावी आहे. त्याला स्थानिक स्तर समिती म्हणतात. जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि स्वतः दिव्यांग असलेली एक व्यक्ती, अशी ती तिघांची समिती असते. तीन महिन्यांतून निदान एकदा तिची बैठक व्हावी, असा कायद्याचा दंडक आहे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की आई-वडील किंवा नातेवाईक तिच्याकडे पालकत्वासाठी अर्ज करू शकतात. हा कायदा होण्याआधी अशा प्रकरणासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागे. वकील, तारखा, खर्च सगळं आलं. समितीपुढे वकिलावाचून काम होऊ शकतं. अर्ज मंजूर झाला की मिळणारं पालकत्वाचं प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावं, असं रिझर्व्ह बँकेनं २००७ मध्ये कळवलेलं आहे. म्हणजे त्या खिडकीवरच्या प्रश्नाला दाखवायला एक कागद मिळतो.

कागदानं ताण कमी होतो का? होतो. भाऊ पुढं सांभाळील की नाही, वहिनी काय म्हणेल, गावाकडच्या जमिनीतला याचा हिस्सा कुणी गिळंकृत तर करणार नाही ना, या काळज्या रात्रीची झोप उडवतात. कायद्यानं त्यांवर थोडा बांध घातला आहे. नेमलेल्या पालकानं सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दरवर्षी हिशेबही सादर करायचा असतो. पालक हेळसांड करत असेल, छळत असेल किंवा पैसा खात असेल, तर नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था समितीकडे तक्रार करून त्याला दूर करवू शकतात. आपण गेल्यावरही कुणाची तरी नजर राहील, ही गोष्ट सत्तरीतल्या बापाला फार मोठी असते.

याला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारतानं २००७ मध्ये शिक्कामोर्तब केलं. त्या कराराचा भर निर्णय घ्यायला मदत करण्यावर आहे, दुसऱ्यानं सगळेच निर्णय घेण्यावर नाही. आपला १९९९ चा कायदाही समितीला दोन गोष्टी पाहायला सांगतो: या व्यक्तीला पालकाची खरोखर गरज आहे का, आणि असलीच तर कोणत्या कामांपुरती. सौम्य अक्षमता असलेली मुलगी दुकानात काम करत असेल, आपला पगार मोजून घेत असेल, तर तिच्या आयुष्याची सगळी दोरी भावाच्या हाती देण्याचं कारण नाही. घाईत निकालात काढलेल्या अर्जात हा दुसरा प्रश्न विचारलाच जात नाही. तो विचारला गेला पाहिजे.

न्यासाची ‘निरामय’ योजना बहुतेकांना ओळखीची आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा, तोही आधी वैद्यकीय तपासणी न करता. बाजारातल्या विमा कंपन्या पूर्वीच्या आजाराचं कारण देऊन ज्यांना परत पाठवत आल्या, त्यांनाच हा विमा मिळतो. विशेष म्हणजे त्यात बाह्यरुग्ण तपासणी, औषधं, फिजिओथेरपी-स्पीच थेरपीसारखे नेहमीचे उपचार आणि दवाखान्यात जाण्यायेण्याचा खर्चही बसतो. ज्यांच्या घरी आठवड्याला थेरपीचा फेरा असतो त्यांना याचं मोल सांगायला नको. एक लाखात मोठी शस्त्रक्रिया होत नाही, हेही खरं. आणि दरवर्षी नूतनीकरण करायला विसरलं की संरक्षण संपतं.

खरा कस लागतो तो विसाव्याच्या सोयीत. न्यासाच्या ‘समर्थ’ योजनेत काही दिवसांसाठी मुलाला केंद्रात ठेवता यावं, अशी कल्पना आहे. ‘घरौंदा’ योजनेत प्रौढांसाठी कायमचं निवासी घर, ‘विकास’मध्ये दहा वर्षांवरील मुलांसाठी दिवसाचं केंद्र, आणि ‘सहयोगी’मध्ये सांभाळ करणाऱ्यांचं प्रशिक्षण. सगळं एका पानावर छान दिसतं. प्रत्यक्षात अशी केंद्रं मोजकी आणि बहुतेक मोठ्या शहरांच्या आसपास. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गातल्या आईनं आपलं गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरवलं, तर मुलाला पंधरा दिवस ठेवायचं कुठं, याचं उत्तर कुठल्याही पत्रकात नाही. मग ऑपरेशनच पुढं ढकललं जातं.

केंद्र जवळ असलं तरी पाऊल उचलत नाही. आईला वाटतं, माझ्याशिवाय हा जेवणारच नाही. पहिल्यांदा मुलाला सोडायला येणाऱ्या आईच्या हातात बहुधा एक वही असते: वरण पातळ चालत नाही, भात दह्यात कालवून द्यावा, पंखा बंद केला की रडतो, झोपताना रेडिओ लावावा, अनोळखी माणसानं पाठीमागून हात लावू नये. वर्षानुवर्षांचं जे ज्ञान तिच्या एकटीपाशी होतं, ते पहिल्यांदाच कागदावर उतरतं. चांगल्या केंद्रातल्या ताई ही वही जपून ठेवतात आणि मुलाला सुरुवातीला एक दुपार, मग एक रात्र, मग दोन दिवस असं सरावू देतात. आईची सवय मोडायला मुलापेक्षा जास्त वेळ लागतो. पण हीच वही पुढं आई नसताना त्या मुलाच्या सगळ्यांत उपयोगी पडणार असते. ती प्रत्येक घरात आजच लिहिली जावी.

विसाव्याइतकाच उपयोग इतर पालकांच्या सोबतीचा होतो आणि याला अभ्यासाचा आधार आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ५७ पालकांवर झालेला एक प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दहा आठवडे व्याख्यानं ऐकवली, उरलेल्यांना तेवढाच काळ गटात बसवून आपसांत बोलू दिलं, अडचणी सोडवू दिल्या. गटात बसलेल्यांचं मुलाच्या अवस्थेविषयीचं ज्ञान, त्याला वाढवण्याची दृष्टी आणि त्याला हाताळण्याविषयीचा दृष्टिकोन स्पष्टपणे सुधारला. अक्षमतेकडे पाहण्याची मूळ भावना मात्र बदलली नाही. हा तपशील प्रामाणिक आहे. दुःख दहा आठवड्यांत जात नाही. रोजचं निभावणं सोपं होतं.

अमेरिकेत नॅशव्हिल इथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात एलिझाबेथ डायकेन्स यांच्या गटानं २०१४ मध्ये अक्षमता असलेल्या मुलांच्या २४३ मातांचा अभ्यास मांडला. सुरुवातीला त्यांतल्या ८५ टक्के मातांचा ताण लक्षणीय वाढलेला होता आणि ४८ टक्के मातांना नैराश्य होतं. त्यांना सहा आठवडे, आठवड्यातून दीड तास, दोन पद्धतींपैकी एक शिकवली: श्वासावर व शरीरावर लक्ष ठेवण्याची सजगता, किंवा स्वतःतल्या जमेच्या बाजू ओळखून अपराधी भावना हाताळण्याची रीत. शिकवणाऱ्या कोणी डॉक्टर नव्हत्या. त्या स्वतः विशेष मुलांच्या, प्रशिक्षण घेतलेल्या आया होत्या. दोन्ही गटांना फायदा झाला. चिंता, नैराश्य आणि झोप यांत सजगतेच्या गटाला अधिक. आपल्याकडे तज्ज्ञांची वानवा आहे, अनुभवी आयांची नाही. प्रत्येक विशेष शाळेला महिन्यातून दोन संध्याकाळी एक वर्ग रिकामा देणं, सतरंजी घालणं आणि मुलांकडे बघायला दोन शिक्षिका थांबवणं परवडण्यासारखं आहे. ते होत नाही, कारण शाळेच्या अंदाजपत्रकात आई कुठल्याच रकान्यात बसत नाही.

पैशाची गोष्ट शेवटी येतेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी सांभाळ करणाऱ्याचा भत्ता द्यावा, असं म्हटलेलं आहे. केरळात ‘आश्वासकिरणम्’ नावाची योजना अंथरुणाला खिळलेल्यांची आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांची घरी काळजी घेणाऱ्यांना महिना ६०० रुपये देते. रक्कम लहान आहे. तरीही घरात राबणाऱ्या बाईचं नाव सरकारी यादीत आलं, तिचं काम हे काम म्हणून नोंदलं गेलं. महाराष्ट्रानं डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, ही चांगली गोष्ट झाली. त्या विभागानं आता दोन कामं अग्रक्रमानं हाती घ्यावीत: प्रत्येक जिल्ह्यात अल्पकाळ मुक्कामाची निदान दहा खाटांची सोय, आणि घरी सांभाळणाऱ्याला नियमित भत्ता.

तोवर घरच्यांनी आपल्या हाती आहे ते करून ठेवावं. मुलगा किंवा मुलगी सतरा वर्षांची झाली की दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि आधार कार्ड नीट लावून ठेवावं, आणि अठरा पूर्ण होताच जिल्हाधिकारी कार्यालयात स्थानिक स्तर समितीची चौकशी करून अर्ज द्यावा. वडील सरकारी नोकरीत असतील, तर आश्रित दिव्यांग अपत्याचं नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी वडील हयात असतानाच नोंदवून घ्यावं. आणि ज्यांच्या शेजारी, नात्यात असं एखादं घर आहे त्यांनी कौतुकाचे शब्द बाजूला ठेवावेत, आठवड्यातली एक दुपार ठरवून त्या मुलापाशी बसावं आणि त्याच्या आईला बाहेर जाऊ द्यावं.