कारागृहाचे दार आणि अफूचे व्यसन

अफूच्या बोंडाच्या चिकातून मिळणारे मॉर्फीन, त्यावर रासायनिक प्रक्रिया करून बनविलेले हेरॉइन आणि त्यांच्याच जातीची कृत्रिम वेदनाशामके यांना अफूवर्गीय द्रव्ये म्हणतात. रस्त्यावर चोरून विकले जाणारे भेसळीचे हेरॉइन आपल्याकडे 'गर्द' या नावाने परिचित आहे. या द्रव्यांच्या आहारी गेलेला माणूस पुष्कळदा कायद्याच्या कचाट्यात सापडतो. ते द्रव्य जवळ बाळगणे हाच मुळी गुन्हा असतो. शिवाय रोजची पुडी मिळविण्यासाठी तो चोरीकडे वळण्याचा संभव असतो. असा मुलगा तुरुंगात गेला, की दुःखाबरोबरच घरच्यांना काहीसा दिलासाही वाटतो. निदान आत तरी त्याचे व्यसन सुटेल, असे त्यांना वाटते. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी प्रथम शरीराचा व्यवहार समजून घेतला पाहिजे.

अफूवर्गीय द्रव्ये मेंदूतील विशिष्ट ग्राहकस्थानांना जाऊन चिकटतात. त्यामुळे वेदना शमते आणि सुखाची भावना निर्माण होते; परंतु त्याच वेळी श्वसनाचे नियंत्रण करणारे केंद्रही मंदावते. नित्य सेवनाने शरीर या परिणामांना सरावते आणि तोच परिणाम साधण्यासाठी मात्रा वाढवावी लागते. सेवन एकाएकी थांबले, तर अंगदुखी, जुलाब, उलट्या, कापरे आणि निद्रानाश यांनी माणूस हैराण होतो. व्यसनी लोकांच्या बोलीत या अवस्थेला 'टर्की' म्हणतात. हेरॉइनच्या बाबतीत तिचा तीव्र भाग साधारणतः आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. पुढे काही आठवड्यांत शरीराची वाढलेली सहनशक्तीही नष्ट होते. मात्र मनातील ओढ तशीच राहते. जुना नाका, जुना सोबती दिसताच ती उसळून वर येते. अशा वेळी सुटून आलेला माणूस पूर्वीच्या सवयीने पूर्वीइतकीच मात्रा घेतो. शरीर मात्र आता ती सोसू शकत नाही. श्वास मंदावतो आणि थांबतो.

हा धोका कल्पनेतला नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या ३०,२३७ व्यक्तींचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मादक द्रव्यांच्या अतिसेवनाने मृत्यू येण्याचा धोका त्यांच्या बाबतीत इतर नागरिकांच्या १२९ पट आढळला. ज्या दिवशी घरचे लोक दाराशी स्वागताला उभे असतात, त्या दिवसापासूनच हा सर्वाधिक धोक्याचा काळ सुरू होतो.

केवळ बंदिवासाने व्यसन बरे होत नाही, हा अनुभव जुनाच आहे. केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे अमेरिकन सरकारने १९३५ साली व्यसनी कैद्यांसाठी आणि स्वेच्छेने येणाऱ्या रुग्णांसाठी एक मोठी संस्था उघडली. तेथे शेतीकाम होते, मोकळी हवा होती, डॉक्टर होते. तरीही बाहेर पडलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पुन्हा व्यसनाकडे वळले.

१९६४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर या डॉक्टरांनी वेगळी वाट चोखाळली. त्यांनी रुग्णांना मेथाडोन हे अफूवर्गीय औषध रोज एकदा तोंडाने देण्यास प्रारंभ केला. त्याचा परिणाम संथ आणि दीर्घकाळ टिकणारा असतो. योग्य मात्रा स्थिरावली, की रुग्णाला टर्की होत नाही, नशाही चढत नाही, आणि तो कामधंदा करू शकतो. पुढे ब्युप्रेनॉर्फीन उपलब्ध झाले. ते जिभेखाली विरघळवून घेतात. त्याचा श्वसनावरील परिणाम एका मर्यादेपलीकडे सहसा वाढत नाही, म्हणून ते तुलनेने अधिक सुरक्षित आहे. तिसरे औषध नाल्ट्रेक्सोन. ते ग्राहकस्थाने अडवून ठेवते. मात्र शरीर अफूमुक्त झाल्यावरच ते सुरू करता येते.

'हे तर एका व्यसनाच्या जागी दुसरे व्यसन आणणे झाले,' असा आक्षेप येथे घेतला जातो. त्याचे उत्तर रुग्णाच्या जीवनक्रमात शोधावे लागते. १९६९ साली डोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या तुरुंगातील हेरॉइनच्या व्यसनी कैद्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. बारा जणांना सुटकेपूर्वी मेथाडोन सुरू करून बाहेरच्या उपचारकेंद्राशी जोडून दिले. तशाच सोळा जणांना उपचार मिळाले नाहीत. वर्षभराच्या आत त्या सोळापैकी सर्वजण पुन्हा व्यसनाधीन झाले आणि पंधरा जणांना नव्या गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली. उपचार मिळालेल्या बारांपैकी नव्याने शिक्षा झाली ती तिघांना. संख्या लहान असली, तरी तिचा अर्थ स्पष्ट होता. पुढे ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ साली आपल्या तुरुंगांत ही तिन्ही औषधे उपलब्ध केली आणि सुटकेनंतरही उपचार चालू राहतील अशी व्यवस्था केली. त्या वर्षीच्या पहिल्या सहामाहीत राज्यात अतिसेवनाने दगावलेल्या १७९ जणांपैकी २६ जण नजीकच्या काळात तुरुंगातून सुटलेले होते. २०१७ च्या त्याच काळात हे प्रमाण १५७ पैकी ९ वर आले.

भारतात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार अफूवर्गीय द्रव्यांच्या सेवनामुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७७ लाख आहे. आपला १९८५ चा गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम कठोर म्हणून ओळखला जातो. परंतु त्यात उपचारांनाही जागा आहे. कलम ६४-अ प्रमाणे सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने शासनमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. हेरॉइनच्या बाबतीत अल्प मात्रा म्हणजे पाच ग्रॅम. कलम ३९ प्रमाणे न्यायालय दोषी ठरलेल्या अशा व्यक्तीला, तिच्या संमतीने, बंधपत्रावर उपचारांसाठी मोकळे करू शकते. दिल्लीच्या तिहार कारागृहात २००८ साली ब्युप्रेनॉर्फीनचे उपचार सुरू करण्यात आले.

आपल्या तुरुंगांतील बहुसंख्य बंदी कच्चे कैदी असतात. त्यांचा जामीन कोणत्या दिवशी होईल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून सुटकेची तयारी शेवटच्या दिवसावर टाकून चालत नाही; बंदी आत आल्याच्या दिवसापासूनच ती करावी लागते. बाहेरचे कोणते केंद्र औषध देणार, त्याची चिठ्ठी कोण लिहिणार, आणि पहिल्या सकाळी त्याला तेथवर कोण नेणार, हे आधीच ठरलेले असावे. घरच्यांनाही सांगितले पाहिजे, की मुलगा सुटून आला म्हणजे बरा झाला असे नव्हे. पुढचे दोन आठवडे त्याला एकटे सोडू नये आणि त्याचे औषध बंद करू नये. कारागृहाचे दार उघडते, तेव्हा शिक्षा संपते. उपचार मात्र त्याच दारातून त्याच्यासोबत बाहेर पडावे लागतात.